दक्षिणेतील ओली पर्वतीय झुडूपवने : 'अवनत' ठरवल्या गेलेल्या वनस्पतिसमुदायाची ओळख

चेन्नई : भारतातील वनप्रकारांच्या ज्या वर्गीकरणाचा आधार देशातील वनखाती आजही घेतात, त्याच्या अकराव्या गटात 'दक्षिणेकडील पर्वतीय ओले झुडूपवन' अशी एक नोंद आहे. नीलगिरी, पळनी आणि अण्णामलाई या पर्वतांच्या माथ्यावर आढळणाऱ्या झुडुपांच्या समुदायाला हे नाव देण्यात आले आहे. सर हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ साली हे वर्गीकरण प्रथम मांडले. एस. के. सेठ यांच्या सहकार्याने त्याची सुधारित आवृत्ती १९६८ साली प्रसिद्ध झाली. या नोंदीसोबत वर्गीकरणकारांनी एक खूण जोडली असून ती 'अवनत अवस्था' दर्शवते. मूळचे दाट अरण्य तोड, वणवा आणि चराई यांमुळे नष्ट झाले व त्याच्या जागी झुडुपे उरली, असा तिचा अर्थ होतो. शेजारच्या ओल्या पर्वतीय गवताळ प्रदेशालाही हीच खूण लावण्यात आली आहे.

हा तांत्रिक तपशील केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा वाटू शकेल. परंतु एखादी जमीन 'अवनत' ठरली, की तिच्यावर झाडे लावणे हे सुधारणेचे काम ठरते. दक्षिणेच्या डोंगरमाथ्यावर नेमके हेच घडले. विसाव्या शतकात या भूभागावर ऑस्ट्रेलियन वृक्षांची लागवड झाली आणि आता तीच झाडे कशी काढावीत, याचा विचार तामिळनाडू शासन करीत आहे. तेव्हाचे निर्णय चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातून झाले होते. राज्याचे सचिवालय आजही तेथेच आहे.

झुडूपवन म्हटले की चेन्नईकरांच्या डोळ्यांसमोर शहराच्या मधोमध असलेले गिंडी राष्ट्रीय उद्यान येते. ते किनारपट्टीचे, शुष्क सदाहरित झुडूपवन आहे. तेथील काटेरी, जाड पानांच्या झुडुपांना वर्षातील बरेच महिने पावसावाचून काढावे लागतात. मराठी वाचकांना 'झुडपी जंगल' हा शब्द विदर्भाच्या महसुली दप्तरामुळे परिचित आहे. त्या जमिनी वनजमिनीच मानल्या जातील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. या दोन्हींपेक्षा पर्वतमाथ्यावरील झुडूपवनाचा प्रकार पूर्णतः निराळा आहे. तेथे पाण्याचा तुटवडा नसतो. झाडांची उंची खुंटते ती वारा, धुके, दहिवर आणि आम्लधर्मी मातीमुळे.

माथ्यावरची परिस्थिती

नीलगिरीच्या उच्च पठाराची सर्वसाधारण उंची दोन हजार मीटरच्या आसपास आहे. दोडाबेट्टा हे तेथील सर्वोच्च शिखर २,६३७ मीटर, तर केरळमधील अनाईमुडी २,६९५ मीटर उंच आहे. पावसाचे मान मात्र थोड्या अंतरात कमालीचे बदलते. पठाराच्या पूर्वेकडील उदगमंडलम येथे वर्षाला सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडील कुंदा पर्वतरांगेला नैर्ऋत्य मोसमी वारे थेट धडकत असल्याने तेथे त्याच्या कितीतरी पट पाऊस होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये अवलांची येथे २४ तासांत ८०० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती.

पावसाळा सरल्यानंतर याच प्रदेशात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो. सकाळी उघड्या उतारांवर पांढरे दहिवर साचलेले दिसते आणि दुपारी त्याच उतारावर कडक ऊन असते. डोंगराच्या घळीत, ओढ्यांच्या काठी वाढलेल्या दाट, ठेंगण्या सदाहरित अरण्यात दहिवर पोहोचत नाही. या अरण्याला तमिळमध्ये 'शोलै' म्हणतात. इंग्रजीतून मराठीत आलेला 'शोला' हा शब्द त्यावरूनच बनला. शोलाचे झाड उघड्यावर रुजले, तर त्याचे रोप बहुधा पहिल्याच हिवाळ्यात करपते. त्यामुळे घळीत अरण्य, उतारावर गवत आणि या दोहोंच्या सीमेवर झुडुपांचा पट्टा, अशी रचना येथे दिसते.

सीमेवरचा हा पट्टा काही ठिकाणी हातभर, तर काही ठिकाणी पन्नास पावले रुंद असतो. शोलाच्या आत गेल्यास सावलीत स्ट्रोबिलँथस वंशातील उंच झुडुपे भेटतात. बाहेरच्या कडेला दारुहळदीच्या कुळातील काटेरी झुडुपे असून त्यांचे लाकूड आतून पिवळेजर्द असते. त्यांच्याबरोबर रानगुलाब, रानटी रासबेरीच्या जाळ्या, पिवळ्या फुलांचे हायपेरिकम आणि गुलाबी फुलांचे रोडोमिर्टस असते. पेरूच्याच कुळातील या रोडोमिर्टसला तमिळमध्ये 'तविट्टुपळम' म्हणतात. त्याची जांभळी फळे डोंगरातील मुले आवडीने खातात.

उघड्या कड्यांवर आणि शिखरांच्या माथ्यावर निराळी मंडळी दिसतात. ऱ्होडोडेंड्रॉन, गॉल्थेरिया आणि व्हॅक्सिनियम हे तीन वंश तेथे प्रामुख्याने आढळतात. तिन्ही एकाच कुळातील आहेत. आम्लधर्मी, निकृष्ट मातीत मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीच्या साहाय्याने अन्न मिळवण्याची या कुळाची हातोटी आहे. गॉल्थेरियाचे पान चुरगळले, तर दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या मलमाचा वास येतो. त्या मलमातील विंटरग्रीनचे तेल या पानांपासूनही निघते. व्हॅक्सिनियम हे परदेशातून येणाऱ्या ब्लूबेरीचे सख्खे भावंड होय.

ऱ्होडोडेंड्रॉनची कहाणी विशेष आहे. हिमालयात 'बुरांश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचाच एक उपप्रकार नीलगिरीत वाढतो. तमिळमध्ये त्याला 'काट्टुपूवरसु' असे नाव आहे. हिमालय आणि नीलगिरी यांच्या दरम्यान दीड हजारांहून अधिक किलोमीटरचा उष्ण प्रदेश असून त्यात हे झाड कोठेही नाही. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतही ते आढळत नाही. हिमयुगात हवामान थंड असताना अशा वनस्पतींचा विस्तार अधिक होता आणि पुढे हवा तापत गेल्यावर त्या उंच माथ्यांपुरत्या उरल्या, असे याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण आहे. श्रीलंकेतील हॉर्टन प्लेन्स या पठारावरही याच जातीचा आणखी एक उपप्रकार आहे. नीलगिरीतील हे झाड शोलाबाहेर, भर गवतात एकटे उभे राहते. जाड सालीमुळे वणव्यातून तगते आणि दहिवरालाही दाद देत नाही. हिवाळ्याच्या अखेरीस ते लालभडक फुलांनी डवरते, तेव्हा दूरच्या उतारावरूनही नजरेत भरते.

जगातील इतर ओल्या पर्वतांवरही असेच समुदाय आहेत. अँडीज पर्वतातील 'पारामो', पूर्व आफ्रिकेतील शिखरांवरचे एरिका वंशाचे पट्टे, हवाई बेटांवरील धुक्यात वाढणारी झुडुपे ही त्यांची उदाहरणे होत. जाती भिन्न असल्या तरी लहान व चिवट पाने, अंगाला अंग लावून वाढणाऱ्या फांद्या आणि शेवाळाने मढलेली खोडे ही लक्षणे सर्वत्र दिसतात. त्या देशांमध्ये या समुदायांचा अभ्यास स्वतंत्र परिसंस्था म्हणून झाला. आपल्याकडे तो बराच काळ 'अरण्याचे अवशेष' म्हणून झाला.

मद्रासचे वनस्पतिशास्त्रज्ञ

या माथ्यावरील वनस्पतींची नोंद घेण्याचे काम मात्र मद्रासमध्ये फार लवकर सुरू झाले. मद्रास इलाख्यात सेवेत असलेले शल्यचिकित्सक रॉबर्ट वाइट यांनी १८४६ ते १८५१ या काळात नीलगिरीच्या वनस्पतींवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या ग्रंथांतील चित्रे रुंगिया आणि गोविंदू या दोन दक्षिण भारतीय चित्रकारांनी काढली होती. ग्रंथकर्त्याचे नाव सर्वांना ठाऊक झाले, चित्रकारांची ओळख पटण्यास मात्र दीड शतक जावे लागले. पुदुच्चेरीच्या वनस्पती उद्यानाचे काम पाहणारे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लेशनो यांचे नाव तर नीलगिरीच्या कितीतरी झुडुपांना जडले आहे. माहोनिया, व्हॅक्सिनियम, रानगुलाब, लोनिसेरा अशा अनेकांच्या शास्त्रीय नावांत ते आढळते.

ह्यू क्लेगहॉर्न यांनी मद्रास येथे १८५३ साली वनस्पतिसंग्रहालयाचा पाया घातला. हा संग्रह पुढे कोईम्बतूरला हलवण्यात आला आणि आज तो भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या दक्षिण विभागाकडे आहे. याच क्लेगहॉर्न यांच्याकडे १८५६ साली मद्रास इलाख्याच्या वनखात्याची सूत्रे आली.

तथापि, माथ्यावरील समुदायांकडे एक संपूर्ण विषय म्हणून पाहण्याचे श्रेय फिलिप फायसन यांना द्यावे लागेल. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. नीलगिरी आणि पळनीच्या साडेसहा हजार फुटांहून उंच माथ्यांवरील वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ मद्रासच्या शासकीय मुद्रणालयाने १९१५ पासून प्रसिद्ध केला. त्याचा तिसरा खंड १९२० साली आला. ग्रंथाची मर्यादा फायसन यांनी उंचीने आखली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. साडेसहा हजार फुटांच्या वर एक वेगळे वनस्पतिविश्व सुरू होते, हे त्यांनी गृहीतच धरले होते. त्यानंतर अवघ्या दोन दशकांत त्या विश्वातील गवत आणि झुडुपे 'अवनत' सदरात गेली.

जुन्या तमिळ परंपरेत तर प्रदेशांची नावेच वनस्पतींवरून पडली होती. संगम साहित्यात भूमीचे पाच प्रकार मानले जातात. त्यांपैकी पर्वतभूमीला 'कुरिंजी' या झुडुपाचे नाव आहे. प्रेमिकांचे मीलन हा त्या भूमीचा काव्यविषय आणि मुरुगन ही तिची देवता. कपिलर या कवीच्या 'कुरिंजिप्पाट्टु' या काव्यात ९९ फुलांची यादी येते. डोंगरमाथ्याची ओळख एका झुडुपावरून ठरवताना त्या काळच्या रसिकांना तेथे मोठी झाडे नसल्याची उणीव भासलेली दिसत नाही.

बारा वर्षांची कुरिंजी

ज्या झुडुपाला आज आपण 'नीलकुरिंजी' म्हणून ओळखतो, ते उघड्या गवताळ उतारांवर साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढते. दर बारा वर्षांनी ते एकाच वेळी फुलते, बी धरते आणि मरते. १८३८ पासूनच्या बहरांची वर्षे नोंदवली गेली आहेत. अलीकडचे बहर १९८२, १९९४, २००६ आणि २०१८ साली आले. पुढचा २०३० साली अपेक्षित आहे. काही टेकड्यांवरील झुडुपांचे वेळापत्रक वेगळे असते, म्हणून अधूनमधून अन्य वर्षीही बहराच्या बातम्या येतात. पळनी पर्वतातील पलियन आदिवासी आपले वय कुरिंजीच्या बहरांवर मोजत असत, असे सांगितले जाते. कोडैकानल येथे १९३६ साली बांधलेले मुरुगनाचे मंदिर 'कुरिंजी आंडवर' या नावाने प्रसिद्ध आहे. २००६ च्या बहराच्या निमित्ताने टपाल खात्याने या फुलाचे तिकीट काढले. त्याच वर्षी केरळ शासनाने इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीसाठी स्वतंत्र अभयारण्य घोषित केले.

बारा वर्षांतून एकदाच फुलण्यामागे काय लाभ असावा? सर्वाधिक मान्यता असलेले उत्तर असे, की एकाच वेळी इतके बी पडते, की ते खाणाऱ्या कीटकांना व उंदरांना सगळे संपवता येत नाही आणि मधल्या वर्षांत त्या खाणाऱ्यांना काहीच मिळत नसल्याने त्यांची संख्याही वाढत नाही. या युक्तीची एक दुबळी बाजू आहे. बहर येण्याआधी, दहाव्या किंवा अकराव्या वर्षी, उतार नांगरला गेला किंवा त्यावर दाट सावलीची झाडे उभी राहिली, तर संपूर्ण पिढी बी न धरताच संपते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२४ साली नीलकुरिंजीचे मूल्यमापन करून तिला 'असुरक्षित' या वर्गात घातले.

वाद : दहिवर की वणवा?

'अवनत' या शिक्क्याला शास्त्रीय आव्हान वर्गीकरण प्रसिद्ध झाल्यानंतर लगेचच मिळाले होते. वनाधिकारी सी. आर. रंगनाथन यांनी १९३८ साली असे प्रतिपादन केले, की नीलगिरीच्या उतारांवर वृक्ष नसण्याचे कारण दहिवर आहे. म्हणून तेथील गवत हे निसर्गनियमानेच आलेले असून ते कोणा माणसाच्या कृतीचे फळ नाही. त्याच वर्षी एन. एल. बोर यांनी त्यास विरोध केला. वणवे आणि चराई थांबवल्यास शोला पसरेल, असे त्यांचे मत होते. त्या काळी प्रत्येक प्रदेशातील वनस्पतींचा प्रवास अखेरीस दाट वनाकडेच होतो, हा सिद्धांत प्रबळ असल्याने बोर यांची बाजू वनखात्यांना अधिक पटली.

या वादात निर्णायक भर पडली ती १९९३ साली. रमण सुकुमार, आर. रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीलगिरीतील दलदलीत साचलेल्या पीटचे नमुने घेऊन त्यातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. उष्ण प्रदेशातील गवत आणि वृक्ष-झुडुपे हवेतील कार्बन वेगवेगळ्या रासायनिक मार्गांनी घेत असल्याने त्यांच्या अवशेषांत या समस्थानिकांचे प्रमाण निरनिराळे असते. सुमारे २० हजार वर्षांचा हा आलेख 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हवामान कोरडे झाले, की गवत वाढले आणि मोसमी पाऊस जोरदार झाला, की दुसऱ्या गटाने उचल खाल्ली, असे त्यातून दिसले. डोंगरावर शेती वा चराई सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे गवत होते, हे यावरून स्पष्ट झाले.

या पद्धतीला झुडूप आणि वृक्ष यांतील फरक मात्र कळत नाही. दोघांचाही रासायनिक मार्ग एकच असतो. त्यामुळे गवताची बाजू सिद्ध झाली तेवढ्या ठामपणे झुडुपांची झाली नाही. शिवाय माथ्यावरील सर्वच झुडुपे प्राचीन समुदायाची आहेत, असेही नाही. जेथे शोला तोडली गेली किंवा जेथे बटाट्याचे शेत सोडून दिले गेले, तेथे काही वर्षांत रासबेरी, हायपेरिकम आणि नेचे यांची दाट जाळी माजते. अशा जागेला 'अवनत' म्हणणे योग्यच आहे. कड्यावरील ऱ्होडोडेंड्रॉन-गॉल्थेरियाचा समुदाय, उतारावरची कुरिंजी आणि शोलाच्या सीमेवरील पट्टा यांना तोच शब्द लावणे चुकीचे ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते वर्गीकरणाची खरी अडचण हीच आहे : एका नावाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांतही वृक्षांचे छत्र दहा टक्क्यांहून कमी असलेल्या वनजमिनीची 'झुडूप' अशी नोंद होते आणि तिची व्याख्या ऱ्हास पावलेली वनजमीन अशीच केली जाते. उपग्रहातून वॅटलची लागवड 'वन' म्हणून दिसते आणि कुरिंजीचा उतार 'ऱ्हास' म्हणून.

वॅटल, ब्लू गम आणि कातडी कमावण्याचा धंदा

ऑस्ट्रेलियातील बाभूळवर्गीय वॅटल आणि ब्लू गम जातीचा निलगिरी वृक्ष ही झाडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलगिरीत आणली गेली, ती प्रामुख्याने जळणासाठी. गंमत अशी, की मराठीत ज्या झाडाला आपण 'निलगिरी' म्हणतो, ते नीलगिरीचे मूळ रहिवासी नाहीच.

लागवडीचे मोठे पर्व स्वातंत्र्यानंतर सुरू झाले. मद्रासमधील कातडी कमावण्याच्या धंद्यात पूर्वी 'आवारम', म्हणजे आपल्याकडच्या तरवडाची साल वापरली जात असे. तिच्यापेक्षा अधिक टॅनिन देणारी वॅटलची साल दक्षिण आफ्रिकेतून येऊ लागली. वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला आणि पुढील काळात देशातच वॅटल वाढवण्यावर भर देण्यात आला. ब्लू गमच्या लाकडाला कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांतून मागणी होती. लागवडीस जागा हवी होती आणि नकाशावर 'अवनत' म्हणून दाखवलेले मोकळे उतार समोरच होते. तोडण्यास अरण्य नाही, हलवण्यास गावे नाहीत. तोडा समाजाच्या म्हशी मात्र तेथे चरत असत; त्यांची कुरणे या लागवडीखाली गेली.

पळनी पर्वतातील बदलांचा उपग्रहचित्रांच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चार दशकांत तेथील पर्वतीय गवताळ प्रदेश सुमारे दोन-तृतीयांशाने घटल्याचे आणि लागवडीखालील क्षेत्र सुमारे बारापट झाल्याचे त्यात आढळले. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने पर्यावरणीय संतुलनाला अग्रक्रम दिल्यानंतर नवी लागवड थांबत गेली. वॅटल मात्र थांबले नाही. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि आगीनंतर अधिकच जोमाने उगवते.

याचा परिणाम पाण्यावर झाला. उदगमंडलम येथील मृद व जलसंधारण संशोधन केंद्राने ग्लेनमॉर्गन येथे दोन शेजारच्या पाणलोटांची तुलना केली. एकात नैसर्गिक गवत-शोला राखली, दुसऱ्यात ब्लू गम लावले. लागवडीच्या पहिल्या दहा वर्षांत दुसऱ्या पाणलोटातून वाहून येणारे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाले. उन्हाळी प्रवाहही आटला. लाकूड तोडल्यानंतर खुंटांतून फुटलेल्या दुसऱ्या पिढीच्या काळात ही घट आणखी वाढली.

नीलगिरीच्या माथ्यावरील पाण्यावर पायकारा आणि कुंदा हे जलविद्युत प्रकल्प चालतात. पायकाराचे वीजगृह १९३२ सालचे आहे. मोयार नदी भवानीला आणि भवानी कावेरीला मिळते. कावेरीचे पाणी वीराणम तलावात येते व तेथून २००४ पासून ते जलवाहिनीने चेन्नईला पुरवले जाते. अर्थात चेन्नईच्या पाण्याचे इतरही स्रोत आहेत आणि कावेरीला इतरही उपनद्या आहेत. तरीही राजधानीच्या नळाचा एक धागा या माथ्यापर्यंत पोहोचतो, हे नाकारता येत नाही.

काढायचे ते कसे?

वॅटलहून अधिक डोकेदुखी ठरलेल्या दोन वनस्पती स्वतः झुडुपेच आहेत. गॉर्स आणि स्कॉच ब्रूम ही पिवळ्या फुलांची युरोपीय झुडुपे इंग्रजांनी कुंपणासाठी व मायदेशाची आठवण म्हणून आणली. गॉर्सच्या शेंगा वाळल्यावर फटकन फुटतात आणि बी दूर फेकले जाते. ते जमिनीत अनेक दशके टिकते. दोन्ही झुडुपे हवेतील नत्र मुळांत साठवून माती सुपीक करतात. शेतकऱ्याला हा गुण वाटेल. निकृष्ट मातीला सरावलेल्या मूळच्या समुदायाला तो घातक ठरतो, कारण सुपीक मातीत इतर तण त्यांच्यावर मात करतात. पर्यटकांना पिवळ्या फुलांनी भरलेला उतार रमणीय वाटतो आणि तो परका आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

तामिळनाडू शासनाने २०२२ साली आक्रमक वनस्पतींचे निर्मूलन व अधिवासांचे पुनरुज्जीवन यांविषयीचे धोरण जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयातही परदेशी वृक्ष हटवण्याच्या प्रश्नावर सुनावण्या झाल्या आहेत. (शहराचे नाव १९९६ साली बदलले, न्यायालयाचे बदललेले नाही.) राज्यप्राणी असलेल्या नीलगिरी ताहरसाठी २०२३ साली सुरू झालेल्या प्रकल्पातही त्याच्या अधिवासातील गवताळ उतार पूर्ववत करण्याचा समावेश आहे. हा रानबोकड उघड्या गवतात चरतो आणि धोका दिसताच कड्यांकडे धाव घेतो. वॅटलच्या दाटीत त्याला वावरता येत नाही.

धोरण ठरल्यावरही प्रत्यक्ष काम सोपे नाही. वॅटलची सरसकट तोड केली, की उन्हाने तापलेल्या मातीतून त्याचेच बी हजारोंनी उगवते. तीव्र उतारावर माती उघडी पडते आणि अवलांचीसारखा पाऊस झाल्यास ती वाहून जाते. काही जुन्या लागवडींत वॅटलच्या सावलीखाली शोलाची रोपे रुजलेली आढळली आहेत; अशा ठिकाणी वॅटल तोडण्याऐवजी त्याला दाईची भूमिका पार पाडू द्यावी, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. याउलट जेथे मूळचे गवत आणि झुडुपे होती, तेथे रोपे लावून 'वन' निर्माण करणे म्हणजे जुनीच चूक नव्या झाडांनिशी करणे होय. म्हणून कोणत्या उतारावर पूर्वी काय होते, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी फायसन यांच्या काळातील नोंदी, वनस्पतिसंग्रहालयातील वाळवलेले नमुने, जुनी छायाचित्रे आणि तोडा समाजाच्या वृद्धांची स्मृती या सर्वांचा उपयोग होतो.

शोलाची रोपे वाढवण्याचे तंत्र रोपवाटिकांना बऱ्यापैकी अवगत झाले आहे. गवत आणि झुडुपांच्या बाबतीत तितकी प्रगती नाही. गॉल्थेरियासारख्या झुडुपांना सहजीवी बुरशी लागते आणि ती रोपवाटिकेच्या पिशवीतील खतमातीत मिळत नाही.

सह्याद्रीतील नातेवाईक

महाराष्ट्रात इतके उंच माथे नाहीत. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. तरीही कुरिंजीचे नातेवाईक आपल्याकडे आहेत. कारवी ही त्याच स्ट्रोबिलँथस वंशातील असून ती साधारण आठ वर्षांनी फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिचे बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आले. कोकणात आणि मावळात कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या पिढ्यानपिढ्या वापरल्या गेल्या. कासच्या पठारावरील टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. महाबळेश्वरच्या माथ्यावरील ठेंगण्या सदाहरित वनात अंजनीची निळी फुले आणि उघड्या उतारांवर रामेठ्याचे पिवळे झुबके दिसतात. पावसाचा मारा, वारा आणि जांभ्यावरील मातीचा पातळ थर यांमुळे येथेही झाडांची उंची आवरलेली असते.

युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. त्यात कास पठार आणि नीलगिरीतील मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान या दोहोंचा समावेश आहे. कासच्या पठाराची सरकारी दप्तरातील ओळखही एकेकाळी पडीक माळाहून फार निराळी नव्हती.

ओली पर्वतीय झुडुपे प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्यांना दोडाबेट्टाच्या परिसरात रस्त्यालगतही काही जाती दिसू शकतात. मुकुर्ती उद्यानात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक असते. ऱ्होडोडेंड्रॉनचा बहर हिवाळ्याच्या अखेरीस असतो. नीलकुरिंजीसाठी मात्र २०३० ची वाट पाहावी लागेल; तो बहर साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात अपेक्षित आहे. २०१८ च्या बियांतून उगवलेली झुडुपे सध्या पानांवर आहेत आणि फुलांवाचून ती शेजारच्या इतर झुडुपांपासून चटकन वेगळी ओळखता येत नाहीत.